धाकटीसाठी विद्यापीठ निवडताना

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. धाकटीसाठी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, विद्यापीठांची यादी करताना क्रमवारीखेरीज काय पाहावे, ही पहिली. आणि मी संध्याकाळी ज्या कार्यालयात काम करते, तिथून माजी विद्यार्थ्यांकडे सतत देणग्या का मागितल्या जातात, ही दुसरी. माझ्या अनुभवात या दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि फोनवर ती नीट मांडता आली नाहीत, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हा कळवली नव्हती. पहिल्या सत्राच्या मध्यावर झालेल्या संख्याशास्त्राच्या परीक्षेत मला फार कमी गुण मिळाले. तुम्ही विद्यापीठात चौकशी केली असती, तरी माझ्या लेखी संमतीवाचून बहुधा तुम्हाला काहीच कळले नसते, कारण १९७४ च्या एका कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींवर इथे त्याचा स्वतःचा हक्क असतो, पालकांचा नव्हे. या कायद्याचा तुम्हाला राग येईल हे मी समजू शकते. मलाही त्या आठवड्यात फार एकटे वाटले होते. परंतु घरी बातमी जात नाही म्हणून विद्यापीठाने मला वाऱ्यावर सोडले, असे झाले नाही. गुण लागल्यावर दोनच दिवसांत माझ्या ॲडव्हायझर बाईंचा, म्हणजे अभ्यासाबाबत सल्ला देणाऱ्या बाईंचा, भेटीसाठी निरोप आला. त्यांनी ‘अभ्यास का केला नाहीस’ असे विचारले नाही. व्याख्यान ऐकताना नेमके कुठे सुटते, हे माझ्याकडून शांतपणे काढून घेतले आणि त्याच विषयाच्या एका अभ्यासगटात मला पाठवले.

या अभ्यासगटाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मला तो फार मोलाचा वाटतो. ही पद्धत १९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. ज्या विषयात दरवर्षी बरेच जण नापास होतात किंवा तो मधेच सोडून देतात, असा विषय निवडायचा. तो पूर्वी उत्तम रीतीने पार केलेल्या एका विद्यार्थ्याने पुन्हा सगळ्या व्याख्यानांना बसायचे आणि आठवड्यातून काही वेळा इतरांसोबत तोच भाग सोडवायचा. इथे ‘कच्चा’ हा शिक्का विद्यार्थ्यावर बसत नाही, विषय अवघड आहे एवढेच मान्य केले जाते, त्यामुळे उत्तम गुणांची मुलेही त्याच टेबलाभोवती येऊन बसतात. मला तिथे जायला लाज वाटली नाही ती केवळ यामुळे. आमचा गट चालवणारी मुलगी मला उत्तर कधीच सांगत नसे. शेजारच्याला ते समजावून सांगायला लावी, आणि समजावता समजावताच माझी चूक मला दिसे.

परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा उपयोग वेगळ्या प्रकारचा आहे. सत्र चालू असताना आवारातले काम आठवड्याला २० तासांहून अधिक करता येत नाही. पदवीनंतर १२ महिने आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातील पदवी असल्यास आणखी २४ महिने आपल्या विषयात नोकरी करण्याची परवानगी मागता येते. हे अर्ज वेळेत गेले नाहीत तर पुढचे सगळेच अडते, म्हणून ते कार्यालय विचारलेल्या प्रश्नाला किती दिवसांत उत्तर देते, हे धाकटीने तिथल्या विद्यार्थ्यांकडून अवश्य काढून घ्यावे.

आता पैशांचे. संध्याकाळी आम्ही काही विद्यार्थी जुन्या पदवीधरांना फोन करतो, त्यांची चौकशी करतो, त्यांच्या विभागात काय नवे चालले आहे ते सांगतो आणि शेवटी देणगी मागतो. सुरुवातीला मला हे मागणे जड जाई. पुढे कळले की माजी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी नियमाने देणगी गोळा करण्याची ही चाल येल विद्यापीठाने १८९० मध्येच सुरू केली होती, आणि रकमेपेक्षा सवयीला तिच्यात अधिक किंमत आहे. उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची पदवी घेतली आणि पुढल्या वर्षी विद्यापीठाला ५ डॉलर दिले. २०१८ मध्ये त्यांनीच गरजू विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी १.८ अब्ज डॉलर दिले. प्रत्येक फोनमागे असे काही होत नाही, पण ५ डॉलर देणाऱ्याशी मी आता तितक्याच आदराने बोलते.

मोठ्या देणग्या सहसा कायमनिधीत जातात. मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के खर्चासाठी काढतात, म्हणजे १,००,००० डॉलरच्या निधीतून एका विद्यार्थ्याला दरवर्षी ४ ते ५ हजार डॉलर मिळत राहतात. देणाऱ्याने घातलेली अट विद्यापीठाला पाळावी लागते, त्यामुळे कायमनिधी अब्जावधींचा आहे एवढ्यावरून आपल्या मुलीला काही मिळेलच, असे समजू नये. इथल्या संघराज्य सरकारचे विद्यार्थी-अर्थसाहाय्य आपल्यासारख्या विद्यार्थी-व्हिसावरच्यांना मिळत नाही, आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्याही पुष्कळदा देशातल्याच विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात. परदेशी विद्यार्थ्यांना कोणती शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (अध्यापनात वा संशोधनात मदत करण्याचे पगारी काम) मिळते, आणि ती पहिल्या वर्षापुरती आहे की पदवी पूर्ण होईपर्यंत, हे लेखी मागावे.

माजी विद्यार्थी पैशांखेरीज जे देतात, त्याचा मला प्रत्यक्ष लाभ झाला आहे. आमच्या विभागाच्या सल्लागार मंडळावर उद्योगात काम करणारे जुने विद्यार्थी आहेत. अभ्यासक्रमातला कोणता भाग प्रत्यक्ष कामात उपयोगी पडतो आणि कोणता जुना झाला, हे ते प्राध्यापकांना सांगतात. त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी दोन शनिवार माझी सराव-मुलाखत घेतली, आणि तेही पूर्वी माझी काहीच ओळख नसताना.

अशा नात्याचा विचार करताना मला डॉ. आंबेडकर आठवतात. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९१६ मध्ये तिथून निघाले. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती कोलंबियातले त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांनी. पुढे १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. विद्यार्थी आवार सोडून गेल्यानंतर नऊ वर्षांनी त्याचे गुरुजी त्याच्यासाठी लेखणी हाती घेतात, हे मला कोणत्याही क्रमवारीपेक्षा मोठे वाटते. धाकटीने म्हणूनच प्रत्येक विभागातल्या एक-दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे आणि पदवीनंतरही त्यांचे प्राध्यापक पत्राला उत्तर देतात का, एवढे विचारावे. ईमेल तिने स्वतः लिहावेत. मसुदे मला पाठवले तर शनिवारपर्यंत वाचून परत करीन.

ते गुण दडवल्याबद्दल मनापासून क्षमा मागते. सत्राच्या अखेरीस त्या विषयात मी चांगल्या श्रेणीने उत्तीर्ण झाले, आणि येत्या सत्रात तोच अभ्यासगट चालवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आईस साष्टांग नमस्कार, धाकटीस अनेक आशीर्वाद. कळावे,

तुमची लेक