आजीला काय सांगितलंयस गं?

तायडे,

काल फोनवर आजी विचारत होती, "मॅनेजर झालास म्हणे, आता पगार किती रे?" मी नुसतं हं हं करत राहिलो. मार्चपासून मी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, घरी बसून अर्ज टाकतोय आणि तिकडे तू मला प्रमोशन देऊन मोकळी! चिडलो नाहीये, पण त्याच रात्री एक जुना हंगेरियन पिक्चर बघितला आणि झोपच उडाली, म्हणून मेसेज न टाकता हे सविस्तर लिहितोय.

पिक्चर १९७१ चा, 'सेरेलेम', म्हणजे प्रेम. दिग्दर्शक कारोय माक्क. बुडापेस्टमधली एक म्हातारी अंथरुणाला खिळलीये, मुलगा राजकीय कैदी म्हणून तुरुंगात, आणि सून तिला सांगते की तो अमेरिकेत सिनेमा बनवतोय. नुसतं सांगत नाही, त्याच्या नावाने स्वतःच पत्रं लिहून आणते. म्हणजे तूच की गं! सून झालीये मारी तोरोचिक, जबरदस्त काम, पण मी अडकलो ते म्हातारीत.

ती लिली दार्वाश. जन्म १९०२, बुडापेस्टचीच. १९२१ ला तिथे स्टेजवर ज्युलिएट केली, मग ऑस्ट्रियन दिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत जाऊन जर्मनमधून नाटकं केली, १९२७ ला त्याच कंपनीबरोबर न्यूयॉर्कला येऊन शेक्सपियरची परीराणी टिटानिया झाली, तीही जर्मनमधूनच. नवरा फेरेन्त्स मोलनार, मोठा नाटककार. सगळं मस्त चाललेलं आणि १९३८ ला हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ही ज्यू, सगळं सोडून अमेरिकेत. ब्रॉडवेवर इंग्रजीतून पहिली भूमिका मिळाली ती थेट १९४४ मध्ये. सहा वर्षं गं! वयाच्या बेचाळिशीत तिसऱ्या भाषेत स्टेजवर उभं राहायचं, आणि मी इथे इंटरव्ह्यूत दोन वाक्यं अडखळलो की आठवडाभर तोंड पाडून बसतो. पुढच्याच वर्षी नट मॉरिस एव्हान्सच्या हॅम्लेटमध्ये ती त्याची आई गर्ट्रूड झाली. हॉलिवूडमध्ये मात्र छोट्या छोट्याच भूमिका. १९६१ ला टीव्हीवर 'ट्वायलाइट झोन' या गूढकथांच्या मालिकेत एक आजी केली, नातवाला खेळण्यातला फोन देऊन मरते आणि मग त्याच फोनवर त्याच्याशी बोलत राहते. आपल्या आजीला सांगू नकोस हं, ती मनावर घेईल.

आणि बघ, जी बाई खरीच तीसेक वर्षं अमेरिकेत काढून बसलीये ती परत बुडापेस्टला जाऊन, खाटेवर पडून अमेरिकेच्या थापा ऐकणारी म्हातारी करते! कान चित्रपट महोत्सवात लिली आणि मारी, दोघींचा खास उल्लेख झाला. मुलाचं काम करणारा इव्हान दार्वाश, आडनाव तेच पण नातं काही नाही, आणि तो तर हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर खराच तुरुंगात जाऊन आलेला. लिली १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेली.

पिक्चरमध्ये मुलगा सुटून घरी येतो तेव्हा आई गेलेली असते. तिला खरं कधी कळलं होतं का, मी अजून तेच धरून बसलोय. आजीच्या "पगार किती रे"मध्ये पण मला काल काहीतरी वेगळंच ऐकू आलं.

तर रविवारी सकाळी फोन तिच्याच हातात दे, स्पीकरवर टाकू नकोस आणि मध्ये बोलू नकोस. नोकरीचं मीच सांगतो.

तुझा,
बंड्या