धाकट्याला पाठव, पण आधी हे वाच

अंधेरी, मुंबई
५ मे २०२४

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला त्या रात्री घरी पोचायला दीड वाजला होता. धाकट्याची बारावीची परीक्षा झाली, हॉटेल लाइनला जायचं म्हणतो, तुझ्याकडे कुठे चिकटव, एवढंच लिहिलंस. ‘पाठव’ म्हणून उत्तर देता आलं असतं, पण हात धजेना. आज सुट्टी आहे, म्हणून सगळं लिहायला बसलोय.

आधी माझ्या डाव्या हाताचं सांगतो. गणपतीत तू विचारलंस तेव्हा मी ‘कढई लागली’ एवढंच म्हणालो. खरं काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही. ३१ डिसेंबर २०१८ ची रात्र. तेव्हा मी ज्या हॉटेलात होतो, तिथे सकाळी दहाला उभा राहिलो होतो आणि रात्रीचे साडेअकरा वाजले तरी केओटी, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरीच्या चिठ्ठ्या, थांबत नव्हत्या. दोन कॉमी, म्हणजे हाताखालचे शिकाऊ कुक, आलेच नव्हते. मोरीची जाळी संध्याकाळपासून तुंबलेली, लादीवर पाणी आणि तेल. फ्रायरचं तेल काळं पडलं होतं. ते बदलायचं तर आधी गार होऊ द्यावं लागतं, पण वरून निरोप आला, टेबलं भरलीत, आत्ताच बदला. मी आणि एक पोऱ्या भांडं उचलून निघालो आणि माझा पाय सरकला.

पाणी उकळतं १०० अंशांना. तळणीचं तेल असतं १८० च्या आसपास, आणि ते अंगावरून ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतं. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं. एकाने धावत येऊन टूथपेस्ट फासली, दुसऱ्याने मैदा टाकला. दोघांनी मायेनेच केलं, पण ते सगळं खरवडून काढताना डॉक्टरला आणि मला काय झालं ते आम्हालाच माहीत. भाजलं की हात सरळ नळाखाली धरायचा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, फोड फोडायचा नाही. हे त्या किचनमधल्या बावीस माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्हाला तेवढं कुणी शिकवलंच नव्हतं.

दवाखान्यात नेताना रिक्षात मॅनेजर म्हणाला, ‘घरी चहा करताना भाजलं असं सांग.’ मी तसंच सांगितलं. बंड्या, हाताचं दुखणं महिन्यात गेलं, त्या वाक्याचं अजून गेलेलं नाही. कामावरचा अपघात कागदावर आलाच नाही, म्हणून बावीस दिवसांचा पगार गेला. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, नाव असतं आणि खरं सांगितलं असतं, तर कामावर लागलेल्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. माझा पगार २१,००० च्या मर्यादेत होता, म्हणजे मी त्यात बसत होतो. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याच एका पोराचे कागद भरताना.

कितीतरी दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. माझंच लक्ष नव्हतं, माझाच पाय घसरला. पण तेराव्या-चौदाव्या तासाला कुणाचं लक्ष असतं? जाळी कुणी साफ करून घेतली नाही? गरम तेल कुणी उचलायला लावलं? हे प्रश्न मनात यायलाच मला फार वेळ लागला. उलट मी काय केलं, तर नव्या पोरांना तो डाग दाखवत फिरलो. आमच्यात तसं चालतं. ज्याच्या हातावर जास्त चटके तो मोठा कुक. तंदूरवाले कोपरापर्यंतचे करपलेले केस दाखवतात. मीही त्यातलाच होतो, आणि त्या पोरांना ऐकवलेलं सगळं मला आज परत घ्यावंसं वाटतं.

मोठे अपघात क्वचित होतात. माणूस झिजतो तो रोजच्या बारीक गोष्टींनी. ओल्या बुटात बारा तास राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. स्टॉकचा, म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेल्या पाण्याचा, चाळीस लिटरचा टोप दोघांनी उचलायचा असतो, पण दुसरा माणूस हाताशी नसला की एकटाच उचलतो, आणि तिशीत कंबर जाते. आमच्या जुन्या तंदूरवाल्याची गोष्ट सांगतो. गढवालचा होता, सज्जन माणूस. भट्टीपुढे मे महिन्यातही दिवसभर जेमतेम दोन-तीन ग्लास पाणी प्यायचा. का, तर स्टाफची मुतारी दोन मजले खाली, आणि रोट्या सोडून जायला बदली माणूस नसायचा. त्याला मुतखडा झाला. सगळे म्हणाले, पाणी कमी पितो. त्यावर उपाय एकच होता, पंधरा-पंधरा मिनिटं भट्टीवर उभा राहील असा एक माणूस. तो कुणी दिला नाही.

मनाचं तर कुणी बोलतच नाही. आठ ते अकरा ऑर्डरीचं मशीन करकरत असतं, त्यात ऑनलाइनच्या टॅबवर मिनिटं मोजली जात असतात, आणि पासवरून, म्हणजे तयार ताटं बाहेर जातात त्या कट्ट्यावरून, शिव्या. झोपेतसुद्धा ते मशीन ऐकू येतं. आमचा एक कॉमी भाजी आणायला म्हणून चिलरमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोलीत, जायचा आणि तिथे रडून, तोंड पुसून बाहेर यायचा. मला माहीत होतं. मी त्याला एकदाही विचारलं नाही. सर्व्हिस संपली की अंगातली गरमी उतरत नाही, झोप येत नाही. दोन वर्षं मी रोज रात्री क्वार्टर घेतल्याशिवाय झोपलो नाही. हे आईच्या कानावर घालू नकोस. आता सुटली आहे.

आत्ता जिथे आहे तिथल्या शेफ मॅडमनी आल्या आल्या स्टाफच्या दाराशी एक वही टांगली. चटका असो, कापलेलं असो, घसरलेलं असो, वेळ आणि जागा लिहायची. नाव लिहायचं नाही, ओरडा बसणार नाही. महिनाभरात वही भरली. त्यात दिसलं की हात सर्वांत जास्त कापतात ते भांडी घासणाऱ्या पोरांचे. कुक सुरी सिंकमध्ये टाकून निघून जातो, साबणाच्या फेसात ती दिसत नाही. आता सुरी सिंकमध्ये जातच नाही, ज्याची त्याने धुवायची. त्या पोरांच्या बोटांच्या पट्ट्या हळूहळू गेल्या. फ्रायरचं तेल आता सकाळी बदलतात, गार असताना. आमच्या जुन्या जागी हे इतकं सोपं कुणाला सुचलं नव्हतं, कारण तिथे कुणी लिहूनच ठेवत नव्हतं.

धाकट्याला पाठव. आमच्याकडे जूनमध्ये ट्रेनीची जागा आहे, मी मॅडमशी बोललोय. या कामात गोडीही आहे. त्याने केलेली डाळ पहिल्यांदा बाहेर जाईल आणि भांडं पुसून परत येईल, त्या दिवशी त्याला कळेल. पण पुढे कुठेही जागा बदलली तरी त्याने आधी विचारायचं: किती तास, आठवड्याची सुट्टी कोणती, ईएसआयसीचा नंबर कधी मिळणार. लाजायचं नाही. पहिल्याच दिवशी गॅसचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे तो स्वतः बघून यायचा. १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ल्याच्या एका हॉटेलात गॅस गळून आग लागली, आठ जण गेले. तेव्हापासून मी नव्या किचनमध्ये पाय ठेवला की आधी वॉल्व्ह शोधतो.

घरी असेपर्यंत काकीच्या चुलीपाशीच थोडं शिकव त्याला. तापलेलं भांडं ओल्या फडक्याने धरायचं नाही, फडक्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. हातून सुरी सुटली तर झेलायला जायचं नाही, दोन्ही हात वर करून मागे सरकायचं. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण.

राहायची सोय माझ्या खोलीवर, आम्ही तिघे आहोत, चौथा मावेल. काकीला नमस्कार सांग. आणि धाकट्याच्या बुटाचा नंबर कळव. न घसरणाऱ्या तळव्याचे किचनचे बूट मिळतात, त्याच्या पहिल्या दिवसाआधी मी घेऊन ठेवतो.

तुझा,
पक्या