या रांगेचा धनी कोण?

मा. मंत्रिमहोदय,
युरोपीय संघाशी संबंध, ब्रिटन सरकार, लंडन

स. न. वि. वि.

या पत्राचा इंग्रजी मसुदा माझ्या मतदारसंघाच्या खासदारांकडे दिला आहे. तो फिरत फिरत आपल्या टेबलावर येईलच. हा मराठी मजकूर लंडन, स्लाउ, स्विंडनपासून पुण्या-साताऱ्यापर्यंतच्या त्या लोकांसाठी, ज्यांचे आईवडील, मुलं, सुना युरोपात शिरतानाच्या पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभ्या राहतात. आपल्याला नेमकं काय विचारलंय ते त्यांनाही कळू दे.

गेल्या नाताळच्या सुट्टीत दक्षिण युरोपातल्या एका विमानतळावर आम्ही सहाजण उतरलो. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा, कराडहून आलेली माझी आई, शिवाय माझी मडगावची मैत्रीण आणि तिची मुलगी. मैत्रिणीचे वडील 1961 च्या आधी गोव्यात जन्मले, त्यामुळे तिच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. मायलेकी डावीकडे गेल्या, यंत्राने चेहरा पाहिला, काच सरकली. "हांव भायर रावतां गो," असं म्हणून ती दिसेनाशी झाली.

आम्ही चौघं उजवीकडे, 'सर्व पासपोर्ट'च्या पाटीखाली. पट्टे बांधून नागमोडी केलेली रांग, शिर्डीला असते तशी. टोकाला यंत्रं. पासपोर्ट काचेवर ठेवा, कॅमेऱ्यात बघा, उजव्या हाताची चार बोटं टेकवा. नवऱ्याची बोटं यंत्राला तीनदा पटेनात. आईने पर्समधून ओला रुमाल काढला आणि म्हणाली, "पुसून टेकव. आमच्या रेशनच्या दुकानात असंच करतात." पुसल्यावर ठसा उमटला. मुलगा बाराच्या आतला, त्यामुळे त्याचा नुसता फोटो. आईचे ठसे व्हिसा काढताना मुंबईतच घेतलेले होते, ते फक्त जुळवून पाहिले. म्हणजे चौघांत सर्वांत कमी वेळ लागला तो भारतीय पासपोर्टवाल्या पंचाहत्तरीच्या बाईला. मग पुढे खिडकी, तिथे पुन्हा प्रश्न, आणि ठसे घेऊन झाल्यावरही जुन्या पद्धतीने शिक्का. विमानातून उतरल्यापासून दोन तास दहा मिनिटं. मध्येच आईला बाथरूमला जायचं होतं. एका सफाई कामगार बाईने पट्टा वर उचलून तिला बाहेर काढलं आणि परत आत आणलं. तेवढा वेळ माझा मुलगा तिच्या जागी बॅगेवर बसून राहिला.

2019 च्या उन्हाळ्यात आम्ही अशाच निघालो होतो. तेव्हा माझा ब्रिटिश पासपोर्ट नवाकोरा होता. मी युरोपीय नागरिकांच्या दारातून दोन मिनिटांत पार झाले आणि आई एकटी मागे राहिली. खिडकीतला अधिकारी तिला काहीतरी विचारत होता, ती माझ्याकडे बघत होती, आणि काचेपलीकडून मला परत येता येत नव्हतं. या खेपेला रांगेत तासभर झाल्यावर ती म्हणाली, "बरं झालं बाई, आता तू सोबत तरी असतेस." मंत्रिमहोदय, ब्रेक्झिटच्या फायद्यांची यादी अजून कोणी ठेवत असेल तर हा एक टिपून घ्यावा.

आता एक कबुली. 23 जून 2016 ला मी मत दिलं ते भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातले इथे राहणारे नागरिक म्हणून आम्हाला तो हक्क होता. इथे नोकरी करून कर भरणाऱ्या माझ्या गोवेकर मैत्रिणीला मात्र, पोर्तुगीज नागरिक म्हणून, नव्हता. जिचं घर हलणार होतं तिला विचारलं नाही आणि मला विचारलं. मी राहण्याच्या बाजूने मत दिलं, नवऱ्याने बाहेर पडण्याच्या. त्याचं म्हणणं असं, की युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडच्यांना व्हिसा सोपा होईल. हे त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. करी रेस्टॉरंटवाल्यांना आचारी आणता येतील, असं तेव्हा जाहीर सभांतून सांगितलं जात होतं. आम्ही त्यावर भांडलो. आता भांडत नाही. निकाल 52 विरुद्ध 48 असा लागला, तो मला मान्य आहे. तो फिरवा असं मी म्हणत नाही.

माझी तक्रार निकालानंतरच्या बोलण्याबद्दल आहे. रांग लागली की आपल्याकडचे मंत्री तिच्याबद्दल पावसाबद्दल बोलावं तसं बोलतात: आला, काय करणार. जुलै 2022 मध्ये शाळांना सुट्टी लागली आणि फ्रान्सला बोटी सुटतात त्या डोव्हर बंदरावर गाड्या तासन् तास अडकल्या, तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या लिझ ट्रस यांनी खापर फ्रान्सच्या अपुऱ्या मनुष्यबळावर फोडलं. 2023 च्या ईस्टरला शाळेच्या सहलींची मुलं रात्रभर बसमध्ये बसून होती. गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तेव्हा सांगितलं, की हा ब्रेक्झिटचा दुष्परिणाम मानणं योग्य नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

डोव्हरची जागा आपण पाहिली असेल. पुढे समुद्र, मागे खडूचे उभे कडे, मध्ये पट्टीएवढं बंदर. 2003 च्या ल तुके करारानुसार फ्रेंच पोलीस तिथे, म्हणजे आपल्याच जमिनीवर, फ्रान्सची तपासणी करतात. 2020 संपेपर्यंत ब्रिटिश माणसाला युरोपीय नागरिकासारखंच वागवलं जायचं. अधिकारी फोटो बघायचा, चेहरा बघायचा, हात करून पुढे सोडायचा. 1 जानेवारी 2021 पासून त्याच माणसाला 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा लागू झाली. तेव्हापासून अधिकाऱ्याला दिवस मोजावे लागले, कुठे जाणार, किती राहणार हे विचारावं लागलं, पान शोधून शिक्का मारावा लागला. पन्नास जणांची बस एका खिडकीवर आली आणि माणशी एकच मिनिट वाढलं, तरी ती बस पन्नास मिनिटं हलत नाही. तिच्यामागे दुसरी, तिसरी. यासाठी फ्रेंचांना खुनशी असण्याची गरज नाही, नुसता गुणाकार पुरतो.

बोटांच्या ठशांची नवी पद्धतही कोणी आपल्यावर सूड म्हणून काढलेली नाही. तिचा कायदा युरोपीय संघाने नोव्हेंबर 2017 मध्ये केला, तेव्हा आपण त्या संघात होतो आणि बाहेर पडण्याची नोटीस देऊन झाली होती. बाहेरच्यांसाठी कोणतं कुंपण घातलं जातंय ते दिसत असताना आपण बाहेर जायला निघालो होतो. ती प्रत्यक्ष सुरू झाली 12 ऑक्टोबर 2025 ला, शेंगेनच्या, म्हणजे आपसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या, 29 देशांत, टप्प्याटप्प्याने, एप्रिल 2026 पर्यंत पूर्ण करायची म्हणून. तयारीला आठ वर्षं होती. डोव्हर बंदर, समुद्राखालच्या बोगद्याची कंपनी युरोटनेल आणि त्यातून धावणारी रेल्वे युरोस्टार यांना मिळून सरकारने एक कोटी पाच लाख पौंड दिले, प्रत्येकी पस्तीस लाख. त्यात यंत्रं आली. जागा आली नाही. तिकडचेही काही फार शहाणे निघाले नाहीत म्हणा. लिस्बनच्या विमानतळावर रांगा इतक्या हाताबाहेर गेल्या, की डिसेंबरच्या अखेरीस पोर्तुगालने तिथे ही पद्धत तीन महिन्यांसाठी थांबवली.

मी केंटमध्ये, अ‍ॅशफर्डला राहते. तिकडे डोव्हर तुंबलं की एम 20 महामार्गावर जंक्शन 8 ते 9 च्या पट्ट्यात काँक्रीटचा सरकता कठडा लागतो, युरोपला जाणारे ट्रक एका बाजूला उभे केले जातात आणि बाकीची दुतर्फा वाहतूक दुसऱ्या बाजूला कोंबतात. त्या दिवशी माझ्या मुलाची शाळेची बस कधी येईल ते सांगता येत नाही. आमच्या स्टेशनचं नाव अजूनही 'अ‍ॅशफर्ड इंटरनॅशनल' आहे. 1996 पासून तिथे पॅरिस-ब्रुसेल्सच्या गाड्या थांबायच्या. 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे थांबणं बंद झालं ते झालंच. साथ गेली, गाडी आली नाही. युरोस्टारने 2022 मध्ये संसदेच्या समितीला कळवलं होतं, की पासपोर्ट तपासणी पुरी पडत नसल्याने लंडनहून सुटणाऱ्या गाड्यांतल्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. लंडनलाच खिडक्या अपुऱ्या, तिथे अ‍ॅशफर्डला कोण बसवणार? पॅरिसला जायचं तर आम्ही आधी उलटं लंडनला जातो, आणि मग तीच गाडी न थांबता आमच्या घरावरून परत जाते. माझा मुलगा खिडकीतून बोट दाखवतो: ते बघ आपलं स्टेशन.

नवऱ्याचं राहिलंच. नाताळच्या आधी, ऑगस्ट 2025 मध्येही आम्ही निघालो होतो. त्याच्या पासपोर्टवर मुदत स्पष्ट छापलेली: 15 जानेवारी 2026. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने वरची दुसरी तारीख दाखवली: जारी केला 15 मे 2015. सप्टेंबर 2018 च्या आधी पासपोर्टचं नूतनीकरण करताना जुन्याचे उरलेले महिने, नऊपर्यंत, नव्यात जोडून मिळायचे. ब्रिटनच्या लेखी तो पासपोर्ट जिवंत आहे. शेंगेनच्या लेखी प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट जारी होऊन दहा वर्षं झाली असतील तर तो मेलेला. ती मुलगी सभ्यपणे बोलत होती, नियमही बरोबर होता. आम्ही तिघं गेलो, तो बॅग घेऊन घरी आला. बाहेर पडायला मत दिलेला माणूस घरीच राहिला, यावर मी तेव्हा काही बोलले नाही. (नंतर बोलले.) पुढे त्याने नवा निळा पासपोर्ट काढला. त्या निळ्या पासपोर्टच्या छपाईचं कंत्राट 2018 मध्ये एका फ्रेंच-डच कंपनीला गेलं होतं, हे त्याला मीच सांगितलं.

हा दहा वर्षांचा नियम सरकारी संकेतस्थळावर आहे, मला माहीत आहे. पण ज्याच्या हातात न संपलेला पासपोर्ट आहे तो संकेतस्थळ कशाला उघडेल? कोणाचा पासपोर्ट कोणत्या दिवशी जारी झाला ते आपल्या पासपोर्ट कार्यालयाला ठाऊक आहे. वाढीव महिन्यांचे असे पासपोर्ट 2029 पर्यंत लोकांच्या कपाटात राहणार आहेत. प्रत्येकाला एक पत्र पाठवायला किती खर्च येतो? गॅसवाला, दंतवैद्य, ग्रंथालय, सगळे वेळेवर आठवण पाठवतात. सरकारनेही पाठवावी. ही माझी पहिली मागणी, आणि तिला ब्रुसेल्सची परवानगी लागत नाही.

दुसरी मागणी, काचेच्या दारांची. 19 मे 2025 च्या लंडन शिखर बैठकीनंतर आपल्या सरकारने मोठ्या आवाजात सांगितलं, की ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना युरोपातली स्वयंचलित दारं वापरता येतील. बातमी वाचून आमच्या घरीही आनंद झाला. नीट वाचल्यावर कळलं, की तशी आडकाठी कायद्यात राहणार नाही एवढंच म्हटलं आहे. दार उघडायचं की नाही ते ज्या त्या देशाने ठरवायचं. इकडे आपल्या विमानतळांवर माझी पोर्तुगीज पासपोर्टवाली मैत्रीण आजही त्या दारातून सरळ आत येते. आपण उघडलं आहे, त्यांनी उघडावं यासाठी बैठकीनंतर कोणत्या देशाशी काय बोलणं झालं? कोणत्या विमानतळावर दार उघडलं, कोणत्या नाही, याची यादी संसदेत मांडा. डोव्हर, बोगद्याजवळचं फोकस्टन आणि लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन इथे प्रवासी सरासरी किती वेळ उभा राहतो, तो आकडाही दर महिन्याला मांडा. रेल्वे किती मिनिटं उशिरा आली ते आपण मोजतो. हे का मोजू नये? आणि अ‍ॅशफर्डच्या स्टेशनाबद्दल हो किंवा नाही, एकदाचं सांगा. 'सर्व पर्यायांचा विचार सुरू आहे' हे वाक्य आमच्या स्थानिक बैठकीत मी इतक्यांदा ऐकलंय, की ते भिंतीवर रंगवून घ्यावं.

यापुढचंही दिसतं आहेच. 2026 च्या अखेरीस युरोपला जाण्याआधी वीस युरो भरून ऑनलाइन परवानगी काढावी लागेल असं ठरलं आहे. युरोपीय लोकांकडून आपण तशीच फी एप्रिल 2025 पासून घेतो, तेव्हा तक्रारीला तोंड नाही. फक्त त्या दिवशी कृपा करून 'आमचा याच्याशी संबंध नाही' म्हणू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ गेली. रांग आपल्या निर्णयाने लागली आहे, हे एकदा सरळ बोललात तर ती कमी करायला आपल्याला पैसे आणि माणसं मागता येतील. जी रांग आपली नाहीच, तिच्यासाठी अर्थमंत्री एक पौंडही देणार नाहीत, हे मला सांगायला नको.

माझी आई येत्या मे महिन्यात पुन्हा येते आहे. तिला पॅरिस बघायचंय, तिचा शेंगेन व्हिसाचा अर्ज भरून तयार आहे, आणि ओला रुमाल तिने आत्ताच बॅगेत टाकलाय. उत्तर इंग्रजीत पाठवलंत तरी चालेल. रांगेत वेळ असतोच, तेव्हा तिला वाचून दाखवेन.

आपली,
अ‍ॅशफर्ड, केंट इथली एक मराठी मतदार