कानांवाटे परत आलेले वाचन

आदरणीय ग्रंथपाल बाई,
सप्रेम नमस्कार.

आपले आभार समोर उभे राहून मानण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आपण पुस्तकावर तारखेचा शिक्का मारलात आणि "गुरुवारी या," एवढेच म्हणालात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे, की ज्यांचे वाचन माझ्यासारखेच नकळत सुटले आहे त्यांनाही आपण काय केले ते कळावे.

जवळजवळ दोन वर्षे मी स्वतःच्या आनंदासाठी एकही पुस्तक पूर्ण वाचले नव्हते. हे घरातही कोणाच्या लक्षात आले नाही, कारण माझ्यासमोर सतत छापील कागद असत. मी मुद्रितशोधनाचे काम करते. सराईत वाचकाची नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती लहान लहान उड्या घेते, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, मधले काही शब्द न पाहताच ओलांडते आणि राहिलेली जागा मन अर्थाने भरून काढते. स्वतः लिहिलेल्या मजकुरातली चूक लेखकाला दिसत नाही, ती यामुळेच. मुद्रितशोधकाला ही उडी मोडून काढावी लागते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, अवतरणचिन्हाची बंद होणारी बाजू यांवर थांबायची सवय नजरेला इतकी लावावी लागते, की अर्थ काही काळ बाजूलाच राहतो. दिवसा ही सवय माझा चरितार्थ चालवत होती आणि रात्री तीच माझ्या हातातल्या कथेवर चालून येत होती. नायिका घर सोडून निघालेली असे, आणि मी मात्र त्या वाक्यातल्या स्वल्पविरामापाशी अडकलेली असे.

त्यावर मी शोधलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट निघाला. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला ५२ पुस्तके, असा संकल्प मी केला आणि वहीत नोंदी ठेवू लागले. पुस्तक निवडताना आधी त्याची जाडी पाहू लागले. एखादे पान पुन्हा वाचावेसे वाटले, तरी आकडा मागे पडेल म्हणून पुढे जाऊ लागले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग माझ्या वाचनात पुष्कळ उशिरा आला. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना, चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगण्यात आले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले चित्रांपाशी इतर मुलांच्या निम्म्याच्या आसपास वेळ रमली. माझी वही म्हणजे तसलेच प्रशस्तिपत्र होते आणि ते मी स्वतःलाच देऊ केले होते. सोळाव्या नोंदीनंतर वही थांबली, आणि तिच्यासोबत वाचनही.

त्यानंतरही मी ग्रंथालयात येत राहिले. पुस्तके नेत असे आणि मुदतीच्या आत परत करत असे. देवघेवीच्या टेबलामागून आपण हे पाहत होता. पुस्तकात खूण म्हणून घातलेला कागद दर वेळी पहिल्या दहा पानांतच सापडतो, हेही आपल्या नजरेतून सुटले नसणार. आपण त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, की एखादे हमखास आवडेल असे पुस्तक हातात ठेवले नाही. तसे केले असते तर मी तेही न वाचता परत केले असते आणि शरमेने येणेच थांबवले असते, याची मला खात्री आहे. आपण फक्त एवढेच विचारले, की एका आजोबांची दृष्टी गेली आहे, गुरुवारी संध्याकाळी तासभर त्यांना वाचून दाखवाल का?

मोठ्याने वाचताना आवाजाला आपली चाल असते. ओठांवर वाक्य आले की ते संपवावे लागते, समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत असतो. पहिल्या गुरुवारी माझी नजर दोन-तीन चुकांपाशी अडखळली. तिसऱ्या गुरुवारी मला एकही चूक आठवत नव्हती, आठवत होता तो आजोबांचा चेहरा. चाळीस पाने झाल्यावर "हे राहू द्या, दुसरे आणा," असे ते अगदी सहज म्हणाले. अर्धवट पुस्तक मिटण्यात अपराध नसतो, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिले. पुढच्या पुस्तकात पावसाचे एक वर्णन आले, ते त्यांनी तीन वेळा वाचायला लावले, दर वेळी आणखी सावकाश. रमून जाण्यासाठी केलेल्या वाचनाचा अभ्यास करणारे व्हिक्टर नेल यांनी १९८८ मध्ये नोंदवले आहे, की सर्वांत आवडलेल्या पानांवर वाचकाचा वेग कमी होतो. आकडा गाठण्याच्या धावपळीत मी नेमकी हीच पाने गमावली होती.

बाई, मला काय हवे आहे हे ओळखून आपण ते मला दुसऱ्याच्या गरजेच्या रूपाने दिले. मदत घेते आहे असे मला एकदाही वाटू दिले नाही. यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. सध्याच्या कादंबरीची सहा प्रकरणे उरली आहेत. थोरला भाऊ परत येतो की नाही, हे गेल्या गुरुवारी अर्ध्यावर राहिले. पुस्तक आजोबांच्या नावावर असल्यामुळे ते आपल्याच कपाटात असते. शनिवारी मी त्याची दुसरी प्रत माझ्या नावावर नेली, हे आपल्या नोंदीत आहेच. रात्री बसून सहाही प्रकरणे वाचली. पहाट कधी झाली ते कळले नाही. शेवट मला ठाऊक आहे, हे आजोबांना कृपया सांगू नये. गुरुवारी मी ते पान त्यांच्याइतक्याच उत्सुकतेने उघडणार आहे.

आपली कृतज्ञ,
गुरुवारची वाचक