कौटुंबिक कक्षाची चुकीची जागा आणि मुलांच्या कानांची हेळसांड : भरपाईची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांसाठी आपल्या कंपनीने ‘कौटुंबिक कक्षा’ची जास्त दराची तिकिटे विकली, त्याबद्दल ही तक्रार आहे. वैमानिकांची कामगिरी अप्रतिम होती आणि हवाई दलाबद्दल आमचे काहीही म्हणणे नाही. लहान मुले कुठे बसवली आणि त्यांच्या कानांसाठी काय दिले, ही जबाबदारी मात्र पूर्णपणे आपली होती.

‘उड्डाणाच्या सर्वांत जवळ’ अशी या कक्षाची जाहिरात होती. प्रत्यक्षात लढाऊ विमाने आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी इंजिनाच्या झोतात आणखी इंधन जाळणारी यंत्रणा) पेटवून जिथून धाव सुरू करतात, त्या टोकाच्या बाजूला आणि थोडा मागे तो उभारला होता. जेट इंजिनाचा आवाज चहूकडे सारखा पसरत नाही. मागे निघणाऱ्या झोताच्या रेषेपासून साधारण ३० ते ५० अंशांवर तो सर्वांत तीव्र असतो. म्हणजे संपूर्ण मैदानात मुलांसाठी सर्वांत वाईट जागा आपण निवडली. हाच कक्ष धावपट्टीच्या मध्याजवळ, प्रेक्षकरेषेपासून मागे घेतला असता तर कसरतीही अधिक चांगल्या दिसल्या असत्या, कारण त्या मध्यबिंदू धरूनच आखलेल्या असतात.

तिकिटात ‘मुलांसाठी श्रवणसंरक्षण’ समाविष्ट होते. मिळाले ते मोठ्यांच्या मापाचे फोमचे इअर प्लग. असा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, कान वर आणि मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा असतो. मुलांच्या कानाची नळी अरुंद असते. प्लग अर्धा बाहेरच राहतो आणि फटीतून आवाज सरळ आत जातो. तीन वर्षांखालच्या मुलाने तो तोंडात घातला तर घशात अडकण्याचा धोका वेगळाच. आवाज ३३ डेसिबलने कमी होतो, हा पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या हिशेबाने त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरतात, म्हणजे हाती जेमतेम १३ डेसिबलची घट उरते. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० ला पंधरा मिनिटे उरतात, ११५ ला अर्धा मिनिटही नाही. मुलांना कान पूर्ण झाकणारे, पट्टी लहान करता येणारे इअर मफच द्यायला हवे होते आणि टोपी किंवा चष्म्याची काडी मफच्या गादीखाली येऊ देऊ नये, हे पालकांना सांगायला हवे होते.

सूचनाही उशिरा आल्या. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २५० मीटर कापते. दीड किलोमीटरवर दिसल्यापासून सहा सेकंदांत ते समोर असते. तेव्हा ‘कान झाका’ सांगून काय उपयोग? प्रत्येक वेगवान विमानाची सूचना किमान दोन मिनिटे आधी हवी, कारण कार्यक्रमपत्रिका आपल्या निवेदकाच्या हातातच असते. शिवाय ध्वनिक्षेपक कक्षाच्या कडेलाच, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर लावलेले होते.

कक्षामागे खरकट्याचे डबे उघडे पडले होते आणि त्यांवर घारी घिरट्या घालत होत्या. धावपट्टीशेजारी पक्षी गोळा करणे म्हणजे उडत्या विमानाला धोका. झाकणाचे डबे ही क्षुल्लक मागणी नाही.

आमच्या मागण्या : कौटुंबिक कक्षासाठी घेतलेली जादा रक्कम सर्व तिकीटधारकांना परत करावी. पुढील कार्यक्रमाआधी कक्षाची जागा आवाज मोजून ठरवावी आणि ती मोजणी तिकीट विक्रीच्या वेळीच जाहीर करावी. त्या दिवसानंतर ज्या मुलांना कानात गुणगुण किंवा कमी ऐकू येण्याचा त्रास झाला, त्यांच्या श्रवणचाचणीचा खर्च कंपनीने द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तिकिटाची प्रत, जाहिरातीचा मजकूर आणि न वापरलेल्या प्लगचे पाकीट सोबत जोडले आहे.

कळावे,
कौटुंबिक कक्षाचे तिकीटधारक पालक