माजी सैनिकांसाठीचा निधी महिनाभरात संपू नये

महोदय,

व्यसनमुक्ती केंद्राचा वर्धापनदिन आणि माजी सैनिकांच्या उपचारांसाठी निधी, अशी सांगड घातली की 'एका जवानाचा महिनाभराचा खर्च उचला' हे आवाहन ठरलेलेच. देणगीदाराला ते चटकन पटते आणि पावतीही लगेच फाटते. पण सैनिकाच्या बाबतीत हा महिना त्यातल्या त्यात सोपा असतो. खरी परीक्षा घरी गेल्यावर सुरू होते आणि नेमकी त्याच वेळी निधीची पिशवी रिकामी झालेली असते.

पहिला आठवडा पूर्णपणे वैद्यकीय. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की 6 ते 24 तासांत हातांची थरथर, घाम आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त, तर भ्रम, भास आणि वातासारखी अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणून रात्री परिचारिका आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवाच. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचे, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन द्यावे लागते. हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्या केंद्रात ही सोय नाही त्याने हा आठवडा रुग्णालयावर सोपवावा. पेन्शनधारक सैनिकाकडे ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचे, कार्ड असेल, तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन तो खर्च योजनेतून भागवता येतो का, हे आधी पाहावे. जे काम सरकारी योजनेतून होते त्यावर देणगी उडवू नये. ती पेन्शनशिवाय घरी आलेल्यांसाठी ठेवावी, कारण ते या योजनेत सहसा बसत नाहीत.

पुढच्या तीन आठवड्यांत एक फसवी गोष्ट घडते. सैनिक केंद्रातला सर्वांत गुणी रुग्ण ठरतो. पहाटे उठणे, अंथरूण चापूनचोपून लावणे, हजेरी, रांग यांतले काहीच त्याला शिकवावे लागत नाही. कर्मचारी खूश होतात आणि 'हा सुटला' असा निर्वाळा देऊन टाकतात. वास्तविक पंधरा-सतरा वर्षे अंगवळणी पडलेली बराकीची शिस्त त्याला इथे परत मिळालेली असते, इतकेच. घरी ना हजेरी, ना रांग. जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. बऱ्याचदा सिक्युरिटीची रात्रपाळी पत्करतो, झोपेचे खोबरे होते, त्यात जुन्या प्रसंगांची दुःस्वप्ने. दारू त्याच्या लेखी झोपेचे औषध झालेली असते. ती सोडल्यावर झोप आणखी बिघडते, कधी कधी कित्येक आठवडे. हे त्याला आणि बायकोला आधीच सांगितले नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत बाटली परत येण्याची दाट शक्यता.

आघाताच्या लक्षणांची तपासणीही योग्य वेळी हवी. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रश्नावली भरून घेतली, तर दारू सुटण्याची लक्षणे आणि मनावरच्या आघाताची लक्षणे यांची सरमिसळ होते: दोन्हीकडे झोप नाही, दचकणे आहे, चिडचिड आहे. तीन-चार आठवडे कोरडे गेल्यावर पुन्हा तपासावे आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. 

आमच्या मते गोळा झालेल्या दर शंभरांतले किमान चाळीस रुपये पुढच्या वर्षभराच्या पाठपुराव्यासाठी बाजूला काढावेत. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेट किंवा फोन, सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला, नंतर महिन्याला. यात समुपदेशकाचे मानधन येते, गावाहून येणाऱ्याचे आणि त्याच्या पत्नीचे बसभाडे येते आणि पत्नींच्या वेगळ्या गटाचा खर्चही येतो. ए. ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या) सभा विनामूल्य असतात, तिथे फक्त पोहोचायचा प्रश्न. रोख रक्कम मात्र हातात देऊ नये. भाडे, औषधे थेट भागवावीत. डायसल्फिराम ही दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीने द्यायची असते. गुपचूप जेवणात मिसळण्याचा सल्ला देणाऱ्यांना दारात उभे करू नये. वर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकते.

आणि लष्करी कॅन्टीन, जिथे माजी सैनिकाला किराणा आणि ठरावीक कोट्यात दारू सवलतीत मिळते. किराण्याचे कार्ड वेगळे आणि लिकरचे वेगळे असते. किराणा चालू ठेवून लिकर कार्ड बंद करणे किंवा परत करणे ही डिस्चार्जच्या आधीची कामे. 'कोटा मित्रांसाठी उचलतो' हे वाक्य कानावर आले की समुपदेशकाने खुशाल वही उघडावी.

आता समारंभाविषयी. उपचार घेणाऱ्या जवानाला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देणे थांबवावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित स्थितीही येते. त्यामुळे गोपनीयतेचा हक्क यालाही लागू आहे आणि रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. 'संमती घेतली होती' हे उत्तर आम्हाला पटत नाही. ज्याच्या खाटेचे पैसे तुम्ही भरता तो नाही कसे म्हणणार? गावात नाव फुटेल या भीतीनेच अनेकजण केंद्राची पायरी चढत नाहीत. त्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकाला विश्वासात घ्यावे. कोणत्या घरात काय चालले आहे ते त्याला ठाऊक असते. मद्यकंपनीचे किंवा तिच्या सोड्याच्या नावाखालचे प्रायोजकत्व नाकारावे, हे खरे तर सांगायची वेळ येऊ नये.

पावतीवर 'माजी सैनिक उपचार व पाठपुरावा' असा हेतू छापावा आणि हिशेबात त्याचे स्वतंत्र खाते ठेवावे. जाहीर झालेले आकडे आणि हाती आलेली रक्कम यांत तफावत पडतेच. म्हणून हाती आलेल्या पैशांवरच रुग्ण घ्यावेत. देणगीवर प्राप्तिकरातली वजावट हवी असेल तर 2,000 रुपयांवरची देणगी रोखीने देऊ नये. मांडव, जेवणे, स्मृतिचिन्हे यांचा खर्च वजा जाता किती उरले, हे तीन महिन्यांच्या आत केंद्राच्या फलकावर लावावे. वर्षअखेर काही शिल्लक राहिली, तर ती देणगीदारांच्या लेखी संमतीशिवाय इमारतीच्या रंगरंगोटीकडे वळवू नये.

— व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक