केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र : दहा हजारांची पावती आणि तेहतीस पौंडांचा पक्ष

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 34 मधली अनामत रक्कम

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी यंत्रमाग कामगारांच्या एका लहानशा युनियनचा हिशेबनीस. पावतीपुस्तकं, वर्गणीची वही आणि बँकेचं पासबुक एवढाच माझा कारभार. गेल्या विधानसभेला आमच्यातली एक कांडीवाली, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई अपक्ष म्हणून उभी राहिली. अनामत दहा हजार. ती आम्ही दोन पगारवारी मिळून जमवली, कुणी दहा दिले, कुणी वीस, एका वहिफणीवाल्यानं एकदम दोनशे दिले तेव्हा आम्हीच चमकलो. सगळे पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. अर्ज भरायच्या टेबलावर कारकुनानं बोटाला पाणी लावून दोनदा मोजले आणि दहाची एक फाटकी नोट परत केली. बाईनं कमरेची चंची सोडली, त्यातली घडी घातलेली दहाची नोट काढली आणि टेबलावर ठेवली. मग पावती मिळाली.

अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. ती पडली नाहीत. हरणार हे ठाऊक होतंच, त्याचं काही नाही. पण डबा सरकारजमा झाला, आणि पुढच्या शनिवारी वर्गणी मागायला गेलो तेव्हा लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते त्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरच मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विलायती कामगारांचा इतिहास वाचायला घेतला. आपली निवडणुकीची पद्धत तिकडून आली, तर हा डबाही तिकडूनच आला असणार असा माझा कयास होता. हिशेबनीस माणूस इतिहास वाचतो तो खर्चाच्या रकान्यातून, त्यामुळे लढाया नि भाषणं थोडी बाजूला राहिली असतील, तेवढं सांभाळून घ्या.

1832 साली तिकडे मताधिकार वाढला, पण शहरात मत कुणाला? वर्षाला दहा पौंड भाड्याच्या किमतीचं घर असेल त्याला. ज्या कामगारांनी त्यासाठी सभा गाजवल्या, मोर्चे काढले, त्यातले बहुतेक दाराबाहेरच राहिले. म्हणून 1838 मध्ये त्यांनी सनद काढली, पीपल्स चार्टर. मागण्या सहा. प्रत्येक सज्ञान पुरुषाला मत, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक, या चार सगळ्यांना माहीत असतात. उरलेल्या दोन मात्र सरळसरळ पैशाच्या होत्या : खासदार व्हायला मालमत्तेची अट नको, आणि खासदाराला पगार द्या. तेव्हा कायद्यानं परगण्याच्या खासदाराला वर्षाला 600 पौंड आणि शहराच्या खासदाराला 300 पौंड उत्पन्नाची मालमत्ता दाखवावी लागे. सनद लिहिणारा विल्यम लव्हेट हा सुतारकाम करणारा, लाकडी कपाटं बनवणारा माणूस. मत मिळालं आणि खुर्ची परवडली नाही तर काय उपयोग, हे त्याला पहिल्याच दिवशी उमगलं होतं.

1842 च्या मे महिन्यात त्यांनी पार्लमेंटला अर्ज दिला. सह्या 33,17,752. कागद जोडत जोडत सहा मैलांहून लांब झालेली ती गुंडाळी सभागृहाच्या दारातून आत जाईना. दाराची चौकट काढून पाहिली, तरी जमेना. शेवटी तुकडे करून ढीग आत नेला आणि जमिनीवर ओतला. त्या अर्जातलं एक वाक्य मी आमच्या वहीत उतरवून ठेवलंय, कारण ते कुणा हिशेबनिसानंच लिहिलं असावं असं वाटतं : राणीला तिच्या खाजगी खर्चासाठी दिवसाला 164 पौंड 17 शिलिंग 10 पेन्स मिळतात, आणि हजारो मजूर कुटुंबांत माणशी दिवसाला पावणेचार पेन्स. त्यावर भाष्य काही नाही. दोन रकमा शेजारी ठेवल्या आणि सोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृहात प्रश्न आला तो मागण्या मान्य करायच्या का हा नव्हताच. या लोकांचं म्हणणं समोर बोलावून ऐकून तरी घ्यायचं का, एवढाच होता. विरोधात बोलायला उभे राहिले मेकॉले. हो, तेच. आपल्याला शिक्षणाच्या टिपणामुळे माहीत असलेले. सात वर्षांपूर्वी त्यांनी हिंदुस्थानच्या शिक्षणाचा निकाल लावला होता, आता आपल्याच देशातल्या गिरणीवाल्यांचा लावला. सर्वांना मताधिकार आणि सुधारलेला समाज या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, असा त्यांचा मुद्दा. ऐकून घ्यावं म्हणणारे 49, नको म्हणणारे 287.

1848 चा अर्ज मात्र चळवळीला महागात पडला. केनिंग्टनच्या मैदानावर 10 एप्रिलला सभा झाली, पोलिसांनी मोर्चा थेम्स ओलांडू दिला नाही, अर्ज तीन घोडागाड्यांत घालून पाठवावा लागला. पुढारी म्हणाले सह्या 57 लाख. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या तर 19,75,496. त्यात खुद्द राणीची सही, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या कित्येक, आणि एक ‘चपटं नाक’ या नावाची. सगळा देश हसला. पण एकोणीस लाख माणसं तरी होतीच ना? ते विचारायला कुणी थांबलं नाही. याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मालमत्तेची अट 1858 मध्ये गुपचूप रद्द झाली, 1867 मध्ये शहरातल्या बऱ्याच कामगारांना मत मिळालं आणि मतदार जवळजवळ दुपटीनं वाढले. 1872 मध्ये गुप्त मतदान आलं. आता वाट मोकळी, असं कुणालाही वाटेल. पण सभागृह भरायचं दुपारनंतर आणि चालायचं मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे सकाळी कोर्ट किंवा पेढी उरकून येणाऱ्यांच्या सोयीनं. खाणकामगारानं नॉर्थम्बरलँडच्या खाणीत पाळी करून लंडनला कसं यायचं? पगार शून्य. शिवाय मतदान केंद्रांचा, कारकुनांचा सगळा सरकारी खर्च उमेदवारांनी आपसात वाटून भरायचा, जिंकणाऱ्यानं आणि हरणाऱ्यानंही.

1874 मध्ये दोन खाणकामगार निवडून आले, स्टॅफर्डहून अलेक्झांडर मॅक्डॉनल्ड आणि मॉर्पेथहून थॉमस बर्ट. बर्ट दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला. तो पार्लमेंटात बसू शकला, कारण त्याच्या युनियननं त्याला वर्षाला 500 पौंड दिले. म्हणजे भुयारात राबणाऱ्यांच्या वर्गणीतून. त्या युनियनच्या हिशेबनिसाला माझा रामराम सांगावा असं फार वाटतं. हेन्री ब्रॉडहर्स्ट हा पाथरवट. ज्या वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर त्यानं छिन्नी चालवली, त्याच इमारतीत तो 1880 साली खासदार म्हणून बसला आणि 1886 मध्ये गृहखात्यात उपमंत्री झाला. शेतमजूर जोसेफ आर्च 1885 मध्ये नॉरफोकच्या ज्या मतदारसंघातून आला, त्यात युवराजाचं सँड्रिंगहॅमचं घर होतं.

पण हे सगळे लिबरल पक्षाच्या आधारानं आले. त्या पक्षाच्या गावोगावच्या समित्यांना उमेदवार हवा तो स्वतःचा खर्च स्वतः करणारा. (आपल्याकडे याला ‘सक्षम उमेदवार’ म्हणतात.) 1888 मध्ये केर हार्डी या खाणकामगारानं मिड लॅनार्कमध्ये त्यांचं तिकीट मागितलं, मिळालं नाही, तेव्हा तो अपक्ष उभा राहिला. माघार घे, पुढच्या वेळी जागा देऊ आणि वर्षाला 300 पौंडांची सोय करू, असा निरोप आला होता असं तो पुढे सांगे. त्यानं नकार दिला. मतं पडली 617, सगळ्यांत शेवटी. 1892 मध्ये वेस्ट हॅममधून तो निवडून आला. त्याच निवडणुकीत आपले दादाभाई नौरोजी, मुंबईच्या एल्फिन्स्टनमधले गणिताचे प्राध्यापक, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी आले. दादाभाईंच्या पाठीशी व्यापारातली कमाई होती, हार्डीच्या पाठीशी काही नाही. आणि 1895 मध्ये हार्डीच्या नव्या पक्षाचे 28 उमेदवार उभे राहिले, ते हार्डीसकट सगळे पडले.

27 फेब्रुवारी 1900 ला लंडनच्या फॅरिंग्डन रस्त्यावरच्या मेमोरियल हॉलमध्ये युनियन आणि समाजवादी गट एकत्र बसले आणि कामगार प्रतिनिधित्व समिती निघाली. तोच आजचा मजूर पक्ष. त्याच वर्षीच्या निवडणुकीत समितीनं खर्च केला एकूण 33 पौंड. दोन निवडून आले, हार्डी आणि रेल्वे युनियनचा रिचर्ड बेल. हा 33 चा आकडा वाचला तेव्हा मला आमचा पत्र्याचा डबा आठवला, हे कबूल करतो. खासदारांना पगार, वर्षाला 400 पौंड, 1911 मध्ये सुरू झाला. सनदेनंतर 73 वर्षांनी.

आता डब्याची गोष्ट. 1918 च्या कायद्यानं निवडणुकीचा सरकारी खर्च उमेदवाराच्या डोक्यावरून काढून तिजोरीवर घातला. आणि त्याच कायद्यानं 150 पौंडांची अनामत आणली. एक अष्टमांश मतं नसतील तर जप्त. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं दारात ताट ठेवलं. ते ताट आपण 1951 मध्ये जसंच्या तसं उचललं, वर अट कडक केली, एक षष्ठांशाची. विलायतेनं 1985 मध्ये रक्कम 500 पौंड केली, पण जप्तीची रेघ पाच टक्क्यांवर उतरवली. आपली रेघ साडेसोळा टक्क्यांच्या वर आहे, अजून.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. 1996 मध्ये लोकसभेला जवळजवळ चौदा हजार उमेदवार होते, तमिळनाडूच्या मोडकुरिचीत तर एका विधानसभेच्या जागेला 1,033, मतपत्रिकेचं पुस्तक छापावं लागलं. मग अनामत वाढवली आणि 1998 मध्ये उमेदवार पाच हजारांच्या आत आले. खरं आहे. पण मोडकुरिचीत उभे राहिले ते शेतकरी होते, त्यांचं कुणी ऐकत नव्हतं म्हणून. आणि जे गळले त्यांत हौशे किती आणि पैसे नाहीत म्हणून थांबलेले किती, हे कुठल्या रकान्यात लिहिलंय?

माझं मागणं एवढंच. जप्तीची रेघ पाच टक्क्यांवर आणा. आणि अपक्षाला दोन वाटा द्या : अनामत भरा, किंवा मतदारसंघातल्या हजार मतदारांच्या सह्या आणा. अपक्षाला दहा सूचक आजही लागतातच, ते वाढवायचे. ‘चपटं नाक’ची भीती वाटत असेल तर आज प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला क्रमांक लिहिता येतो, 1848 च्या कारकुनांकडे ती सोय नव्हती. सही हे बिनपैशाच्या माणसाचं जुनं हत्यार आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना मत नव्हतं तेव्हा, 1884 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनीही साडेपाच हजार सह्यांचाच अर्ज केला होता, रविवारची सुट्टी मागायला. सुट्टी मिळाली, 1890 मध्ये.

आमच्या बाईला हजार सह्या चार दिवसांत मिळाल्या असत्या. ती रोज दोन पाळ्यांच्या मधे चहाच्या टपरीवर उभी असते, निम्मं गाव तिथूनच जातं.

पुढच्या निवडणुकीला ती पुन्हा उभी राहायचं म्हणतेय. दहा हजारांची पावती माझ्याकडच्या फायलीत आहे. मागवलीत तर प्रत पाठवतो.

आपला,
यंत्रमाग कामगारांच्या युनियनचा एक हिशेबनीस